बोटीतून प्राणिदर्शन (मुंबई)

मुंबईलगतच्या समुद्रात व खाडीत बोटीने फिरताना, जमिनीवरून सहसा नजरेस न पडणारे प्राणी-पक्षी पाहणे. त्यासाठी दोन जलमार्ग विशेष प्रसिद्ध आहेत: गेटवे ते घारापुरी आणि ठाणे खाडी. काय दिसेल हे ऋतूइतकेच भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे घड्याळापेक्षा तिथी पाहून निघणे शहाणपणाचे.

घारापुरीची लाँच साधारण तासाभरात पोहोचते. हिवाळ्यात कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा तिची पाठ सोडत नाही. यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांकाठी वीण करतात आणि थंडीत किनाऱ्यावर उतरतात. हिवाळ्यात मात्र डोके पांढरे होऊन कानामागे फक्त गडद ठिपका उरतो. प्रवासी त्यांना गाठ्या, वेफर्स भिरकावतात. फोटो छान येतो, पक्ष्याच्या पोटाला ते खाणे मानवत नाही. डॉल्फिनही अधूनमधून दिसतात. ते बहुधा कुबडवाले; उड्यांची अपेक्षा धरू नये, श्वासापुरती पाठ वर येते आणि बुडते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे.

ठाणे खाडीचे आकर्षण म्हणजे रोहित (फ्लेमिंगो). खाडीचा सुमारे १७ चौ. किमी भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला. २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी सुटतात. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते, पूर्ण भरतीला चिखल बुडून पक्षी नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या ठिकाणी उडून जातात. म्हणून मधली वेळ साधावी लागते. इथे संख्येने जास्त तो छोटा रोहित, गडद लालसर चोचीचा. मोठ्याची चोच गुलाबी, टोकाला काळी. दोघेही मान खाली घालून चोच उलटी धरतात आणि पाणी गाळून खातात. पिसांचा गुलाबी रंग खाद्यातून येतो. शहराच्या सांडपाण्यावर पोसणारे शेवाळ त्यांना इथे खेचते, असे अभ्यासक मानतात. मुंबईकराने याचा अभिमान बाळगावा की संकोच, हा प्रश्नच आहे.

सगळ्या दुर्बिणी रोहितांवर रोखलेल्या असतात, पण खरे नवल काठच्या चिखलात असते. निवटी हा मासा ओहोटीला बिळाबाहेर येऊन पुढच्या परांवर सरपटतो, उड्या मारतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या आवरणातून हवा घेतो. डोक्यावर उंच आलेले डोळे सुकू लागले की ते खोबणीत ओढून ओले करून घेतो. आगरी-कोळी घरांत निवटीचे कालवण आवडीचे.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने फेऱ्या बंद किंवा बेभरवशाच्या होतात. त्या दिवसांत जुहू, गिरगावच्या वाळूवर निळे ब्लूबॉटल वाहून येतात. दिसायला फुग्यासारखा हा जीव प्रत्यक्षात अनेक जीवांची वसाहत आहे. तो मेल्यावरही त्याचे तंतू डंख मारतात.