समन्समध्ये चूक सापडली तरी तारीख चुकवू नका

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फिर्यादीवरून कोर्टाचे समन्स आले की आमच्या ग्राहक कंपन्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कंपनीचं नाव चुकलंय, मग हे रद्दच ना?’ नाही. उत्तर प्रदेश मंडळाने ‘मोदी डिस्टिलरी’ या युनिटच्या नावाने फिर्याद केली होती. मालक कंपनी होती मोदी इंडस्ट्रीज लिमिटेड. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्त करता येणारी तांत्रिक चूक ठरवली. ‘प्रायव्हेट’ शब्द गळाला किंवा प्लॉट नंबर चुकला म्हणून खटला पडेल, ही आशा सोडा.

समन्समधले दोष दोन जातींचे असतात. पहिली जात बजावणीच्या दोषांची: तारीख उलटून गेल्यावर मिळाले, भलत्याच माणसाच्या हाती दिले, सही-शिक्का नाही. यातून फार तर पुढची तारीख मिळते. तुम्ही हजर झालात की हा दोष बहुधा संपतो, आणि म्हणूनच ‘जाऊच नका’ असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. बजावणी झाल्याची नोंद कोर्टात असेल आणि तुम्ही नसाल, तर वॉरंट निघते. मग वकिलाचा सगळा वेळ वॉरंट रद्द करून घेण्यात जातो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

दुसरी जात फिर्यादीतल्या दोषांची. ते हजर झाल्याने बुजत नाहीत, पण फिर्यादीची प्रत हाती असल्याशिवाय दिसतही नाहीत. लेखी फिर्याद असेल तर तिची प्रत समन्ससोबत यायलाच हवी (१९७३ च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २०४, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे २२७). ती नसेल तर पहिल्याच तारखेला लेखी अर्ज करून मागा. तोंडी मागितल्याचा पुरावा राहत नाही, आणि वेळीच न घेतलेली हरकत अपिलात फारशी चालत नाही. प्रत मिळाली की तुमच्या वकिलांनी पुढील गोष्टी पाहाव्यात:

– जल अधिनियम १९७४ च्या कलम ४९ प्रमाणे फिर्याद करणारा अधिकारी अधिकृत होता का, आणि अधिकारपत्र जोडले आहे का.
– सांडपाण्याचा नमुना कलम २१ प्रमाणे घेतला का: नोटीस, तुमच्या माणसासमोर दोन भाग, सील, दोघांच्या सह्या. हे चुकले तर प्रयोगशाळेचा पृथक्करण अहवाल पुराव्यात टिकत नाही. नमुन्याच्या दिवशी मिळालेला कागद म्हणूनच ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) फाइलमध्ये हवा. बहुतेकांकडे तो नसतो.
– आरोपी कोर्टाच्या हद्दीबाहेर राहणारा असेल तर समन्स काढण्याआधी चौकशी झाली का.

‘फिर्यादीची मुदत टळली’ हा मुद्दा मात्र जपून काढा. जल अधिनियमाच्या २०२४ च्या दुरुस्तीआधीच्या कलम ४३ आणि ४४ मध्ये शिक्षा सहा वर्षांपर्यंत होती, आणि मुदतीची मर्यादा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पूर्वी घरी तुमच्याऐवजी समन्स घ्यायला कुटुंबातला प्रौढ पुरुषच लागे; आता कुटुंबातली कोणतीही प्रौढ व्यक्ती चालते. इलेक्ट्रॉनिक समन्सवर शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही पुरते, त्यामुळे ‘ओला शिक्का नाही’ ही हरकत त्यावर चालणार नाही. त्या तारखेआधीच सुरू असलेले खटले मात्र १९७३ च्या संहितेनेच चालतात.

कंपनी आरोपी असेल तर तिच्या वतीने लेखी नेमलेला प्रतिनिधी हजर राहू शकतो. संचालकांना वैयक्तिक समन्स असेल तर त्यांच्यासाठी तो चालत नाही. त्यांच्या हजेरीमाफीचा अर्ज वेगळा.

आम्ही समन्सच्या दोन्ही बाजू आणि पाकीटही मागतो, याचा काहींना राग येतो. पण कोणी, कधी, कोणाकडे दिले हे मागच्या बाजूला आणि पाकिटावरच कळते, आणि मोबाइलवर पाठवलेल्या पहिल्या पानाच्या फोटोत ते नसते. गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवा: परत पाठवू नको, आपल्या सहीखाली तारीख, वेळ आणि हुद्दा लिही, आवक नोंदवहीत चढव.

कोर्टात उभे राहणे तुमच्या वकिलांचे काम. मंडळाची संमतीपत्रे, नमुन्याच्या नोटिसा, ईटीपीच्या नोंदी तारीखवार लावून त्यांच्या हाती देणे आमचे. वार्षिक करारात हे काम धरलेले असते. करार नसलेल्यांसाठी दर वेगळा. समन्स हाती पडले त्याच दिवशी कळवा. तारखेच्या आदल्या संध्याकाळी आलेल्या फाइलला घाईचा आकार लागतो.