पांढरा डाग वर बसलाय की दगडच खाल्ला गेलाय?

मार्बलवर पांढरे डाग पडलेत, काय लावू, असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. लिंबू घासा, व्हिनेगर टाकून तासभर ठेवा, नाहीच गेलं तर टॉयलेट क्लीनर मारा. आणि मग तोच माणूस परत येऊन सांगतो की डाग अजून मोठा झालाय. होणारच ना, कारण डाग नक्की कसला आहे हे कुणी विचारलेलंच नसतं. पांढरा दिसतोय म्हणजे क्षार आणि क्षार म्हणजे व्हिनेगर, एवढ्यावर सगळं चालतं. पण पांढरट दिसणाऱ्या डागांचे दोन अगदी उलटे प्रकार आहेत. एकात पृष्ठभागावर काहीतरी जास्तीचं येऊन बसलेलं असतं, दुसऱ्यात पृष्ठभागातलंच काहीतरी निघून गेलेलं असतं. पहिला साफ होतो. दुसरा साफ होतच नाही, कारण तिथे काढायला काही नसतंच.

पहिला प्रकार सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पटकन सांगतो. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम असतं, पाणी सुकलं किंवा तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं आणि ते पांढरं होऊन चिकटून बसतं. नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत, किटलीच्या तळाला, बाथरूमच्या काचेवर. त्यावर सौम्य ॲसिड टाकलं की बुडबुडे येतात, थर विरघळतो, धुऊन टाकला की संपलं. स्टीलच्या सिंकवर, काचेवर, चकचकीत सिरॅमिक टाइलवर व्हिनेगर खुशाल वापरा, मी पण वापरतो. क्रोमच्या नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग धुऊन कोरडा करा, रात्रभर ठेवू नका. सोनेरी, पितळी नाहीतर काळ्या फिनिशच्या नळाला मात्र ॲसिड लावूच नका, तिथे साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

आता खरा घोळ. मार्बल कशाचा बनलेला असतो? मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच. म्हणजे नळाखाली जो क्षार बसलाय आणि ज्या दगडावर तो बसलाय ते दोन्ही रसायन म्हणून बघितलं तर एकच. तुम्ही व्हिनेगर टाकता तेव्हा ॲसिडला वरचा थर कुठे संपला आणि खाली तुमची फरशी कुठे सुरू झाली हे कळायला काही मार्गच नाहीये, ते दोन्ही सारखंच खातं. उलट थर खडबडीत आणि तुटक असतो, मधल्या मोकळ्या जागेतून ॲसिड थेट दगडावर पोचतं. म्हणजे क्षार अर्धवट निघेपर्यंत आजूबाजूच्या दगडाची चकाकी गेलेली असते. साधं व्हिनेगर म्हणजे साधारण 5 टक्के ॲसिटिक ॲसिड, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) अडीचच्या आसपास, लिंबाचा रस त्याहून थोडा आंबटच. पीएचमध्ये एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पटीचा फरक असतो हे लक्षात घेतलं तर 7 च्या साध्या पाण्यापासून ही किती लांबची गोष्ट आहे ते कळेल. पॉलिश केलेल्या मार्बलवर लिंबाचा थेंब काही मिनिटं राहिला तरी खूण पडते, रात्रभर भिजत ठेवायची गरजच नसते.

आणि ही जी खूण पडते ना, ती पांढरट, धुरकट दिसते. हुबेहूब क्षारासारखी! म्हणून माणूस काय समजतो, की क्षार अजून गेला नाहीये, अजून व्हिनेगर टाकू. परत खूण वाढते. मग अजून कडक काहीतरी. बऱ्याचशा टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते मार्बलवर पडलं की फसफसतं, आणि तो फेस बघून लोकांना वाटतं, वा, मळ निघतोय. मळ नाही निघत, फरशी निघतेय. तो फेस म्हणजे दगडातला कार्बन डायऑक्साइड आहे.

यात अजून एक फसवी गोष्ट आहे आणि ती माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करते. दोन्ही प्रकारचे डाग ओले असताना दिसत नाहीत. चमक दिसते ती गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो म्हणून. क्षाराचा थर असो की ॲसिडने खरबरीत झालेला दगड, प्रकाश इकडेतिकडे विखुरतो आणि जागा पांढरट दिसते. पाणी त्या बारीक खाचांत भरलं की वरचा भाग तात्पुरता सपाट होतो आणि डाग गायब. तुम्ही काहीही घासा, अगदी साधं पाणी घासा, ओलं आहे तोवर गेल्यासारखं वाटणार. सुकलं की परत हजर. त्यामुळे 'व्हिनेगरने गेला होता पण परत आला' हे वाक्य मी ऐकलं की मला खात्रीच पटते की तो गेलाच नव्हता. निकाल कोरड्यावर बघायचा. पूर्ण कोरड्यावर, फडक्याने पुसून अर्धा तास थांबून.

मग ओळखायचं कसं? डोळ्यांपेक्षा नख भरवशाचं आहे. जागा कोरडी करा आणि डागाच्या बाहेरून आत नख फिरवा. क्षार असेल तर कडेला नख अडकतं, किंचित वर चढल्यासारखं वाटतं, जरा जोर लावून खरवडलं तर नखाखाली पांढरी पूड येते. खाल्लेल्या जागी नख अडकत नाही किंवा अगदी हलकंसं खाली उतरतं, फार तर आत गेल्यावर थोडं खरखरीत लागतं, पण पूड निघत नाही कारण वर काही नाहीच. दुसरं, मोबाइलचा टॉर्च अगदी तिरपा धरा आणि प्रतिबिंब बघा. क्षाराच्या ठिपक्यांच्या मधे मधे मूळ चकाकी शाबूत दिसते. खाल्लेल्या चट्ट्यात शिरलं की टॉर्चचा गोळा सगळीकडे सारखाच धूसर होतो. आणि तिसरं, डाग कुठे आहे ते बघा, नुसत्या जागेवरूनच पुष्कळ कळतं. नळाच्या बुडाशी, भांडी निथळत ठेवतो तिथे, पाणी साचतं त्या कोपऱ्यात असेल तर क्षार. जिथे लिंबू चिरतो, सरबताचा ग्लास ठेवतो तिथे असेल, किंवा कमोडच्या भोवती शिंतोड्यांसारखा असेल तर तो खाल्लेला चट्टा, त्यात शंकाच नको. मॅट फिनिशच्या दगडावर हे चट्टे कमी उठून दिसतात, पण पडतात तेवढेच.

गडद डाग हा तिसराच विषय, तेल नाहीतर रंग दगडाच्या छिद्रांत मुरलेला असतो. तो ओढून काढावा लागतो, शोषून घेणाऱ्या पुडीचा लेप देऊन. इथे फक्त एवढंच लक्षात ठेवा की आजूबाजूच्या दगडापेक्षा गडद असेल तर मुरलेलं, फिकट असेल तर वर सांगितलेल्या दोनपैकी एक.

चट्टा असेल तर क्लीनरची बाटली खाली ठेवा. फाटलेल्या कापडाला साबण लावून ते शिवलं जात नाही, तसंच हे. तिथे पृष्ठभाग परत गुळगुळीत करणं हा एकच इलाज आहे. हलका चट्टा असेल तर मार्बल पॉलिशिंग पावडर, बहुतेक वेळा टिन ऑक्साइडची, पाण्यात कालवून नमद्याच्या पॅडने संयमाने घासली तर चकाकी परत येते, हे घरी जमतं, फक्त आधी कोपऱ्यात करून बघा. नखाला खड्डा लागत असेल तर ते काम डायमंड पॅडवाल्याचं, जाड ग्रिटपासून (म्हणजे जाड कणांच्या पॅडपासून) बारीक ग्रिटपर्यंत टप्प्याटप्प्याने घासत जावं लागतं, मधले टप्पे गाळले तर ओरखडे राहतात.

आणि मार्बलवर खरोखरचा क्षार असेल तर? लोक इथे हताश होतात कारण नेहमीचं हत्यार चालत नाही. आधी कोमट पाणी आणि पीएच न्यूट्रल लिक्विड, मग प्लास्टिकचं स्क्रॅपर अगदी आडवं धरून. तरीही राहिलं तर शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरची, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल कोरडी फिरवायची आणि तिचे कण लगेच व्हॅक्यूमने उचलायचे, नाहीतर ओल लागून गंजाचे ठिपके पडतील. भांड्यांची तारेची घासणी नाही! मार्बलचा कठीणपणा मोज स्केलवर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) 3 च्या आसपास, स्टील त्याहून कठीण, त्यामुळे जाड तार सरळ ओरखडे काढते. सोपं काम नाहीये हे मान्य. म्हणून मी म्हणतो की मार्बलवर पाणी सुकूच देऊ नका, वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसा, पाणीच उरलं नाही तर क्षार कुठून येणार.

ग्रॅनाइटबद्दल लोकांना उगाच भीती असते किंवा उगाच विश्वास. ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, कठीणपणा 6 ते 7, व्हिनेगरने त्याला चट्टा पडत नाही. पण ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा प्रत्येक दगड ग्रॅनाइट नसतो, त्यात कॅल्साइट, म्हणजे मार्बलमधलंच कॅल्शियम कार्बोनेट, असलेले दगडही असतात. न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाका, पाच मिनिटांनी पुसा, सुकल्यावर बघा. चमक गेली किंवा बुडबुडे आले तर तो मार्बलच्या भावकीतला, त्याला तसंच वागवा. आणि मार्बलचा नियम फक्त मार्बलपुरता नाहीये. चुनखडीचा दगड, ट्रॅव्हर्टाइन, मार्बलची खडी घातलेली मोझॅक टाइल, टाइलच्या फटींत भरलेलं सिमेंटचं ग्राउट, या सगळ्यांना ॲसिड खातं. बाथरूमच्या टाइल चकचकीत करायच्या नादात लोक आठवड्याला ॲसिड मारतात, टाइलला काही होत नाही पण मधलं ग्राउट दरवेळी थोडं थोडं जातं आणि मग पाणी मुरायला लागतं. टाइल साफ झाली एवढंच दिसतं, ग्राउटकडे कोण बघतं.

काचेच्या बाबतीत सगळं उलटं होतं, आणि ते समजलं की पहिला भाग अजून पक्का होतो. काचेला व्हिनेगर काही करत नाही, तिला झिजवतं ते अल्कली, म्हणजे डिशवॉशरचा कडक डिटर्जंट. डिशवॉशरमधून धुरकट निघणारा ग्लास घ्या, व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा, धुऊन पूर्ण कोरडा करा. स्वच्छ झाला तर क्षार होता. तसाच धुरकट राहिला तर काच झिजलीये, ती कशानेही परत येणार नाही, आणि गंमत म्हणजे हे मऊ, म्हणजे कमी क्षाराच्या, पाण्यात जास्त होतं, त्यामुळे अशा वेळी डिटर्जंट कमी करा आणि कमी तापमानाला धुवा. म्हणजे जे व्हिनेगर काचेवर बिनधोक परीक्षा आहे तेच मार्बलवर नुकसान आहे.

आता तीन गोष्टी ज्या ऐकून माझं डोकं खरंच फिरतं. एक, 'सिलर लावलाय, आता काही होत नाही.' सिलर छिद्रांत जाऊन बसतो आणि तेल, रंग मुरू देत नाही, तो गडद डागांसाठी आहे. ॲसिड दगडाच्या वरच्या तोंडालाच खातं, तिथे सिलरचा उपयोग नाही. सिलर लावल्याच्या भरवशावर लिंबू ओट्यावर सोडून देणारे लोक मग सिलरवाल्याशी भांडतात. दोन, 'नॅचरल आहे, त्याने काय होणार.' लिंबू झाडाला लागतं म्हणून त्यातलं सिट्रिक ॲसिड मार्बलची गय करत नाही. तीन, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून केलेला तो फसफसणारा 'रामबाण' क्लीनर. दोघं एकमेकांना संपवतात, उरतं बहुतांश पाणी आणि सोडियम ॲसिटेट. फेस छान दिसतो, काम काही होत नाही. क्षार काढायचा तर एकटं ॲसिड, तेलकटपणा काढायचा तर एकटा सोडा, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला धुण्याचा सोडा नको, काळं पडतं.

आणि ज्यांनी आधीच सगळं मारून बघितलंय त्यांच्यासाठी. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही डाग एकावर एक आहेत, खाली ॲसिडने खाल्लेला चट्टा आणि त्या खरखरीत जागेवर पुन्हा धरलेला क्षार. आधी वरचा थर कोरड्या पद्धतीने काढा, कोरडं झाल्यावर परत टॉर्च लावून बघा, मग पॉलिशचं ठरवा. आधीच पॉलिश करायला गेलात तर क्षार पॅडखाली दळला जातो आणि खाली काय झालंय ते कळतच नाही. मधल्या काळात त्या जागेवर ॲसिड तर नकोच, आणि आधी मारलेल्या ॲसिडवर ब्लीच कधीच टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. भरपूर पाण्याने धुवा, खिडकी उघडा, पुसून कोरडं करा. पॉलिश करणाऱ्याला बोलावलंत तर त्याला स्पष्ट सांगा की डाग ॲसिडचा आहे, आणि त्याने पिशवीतून कडक ॲसिडची बाटली काढून आधी फरशी धुतो म्हटलं तर तिथेच थांबवा आणि दुसरा माणूस बघा.