घर जंगलातून बाजारात गेलं: गडचिरोलीतल्या घरबांधणीची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती. राज्याची सरासरी ३६५. जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आणि लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास. हे आकडे ऐकले की बाहेरचा माणूस म्हणतो, चला, एवढ्या मोकळ्या जिल्ह्यात घराचा प्रश्न तरी नसणार. प्रत्यक्षात पंचायत समितीच्या आवारात कानावर येणारं वाक्य वेगळंच असतं: घरकुल मंजूर आहे, पण जागा नाही. आणि जागा आहे तर पैसे पुरत नाहीत.

हे असं का झालं हे समजायचं तर आधी जुनं घर पाहावं लागतं. माडिया किंवा गोंड आदिवासी कुटुंबाचं घर म्हणजे सागाच्या नाहीतर येनाच्या बल्ल्या, बांबूच्या ताट्यांचा कुड, त्यावर दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा लेप आणि वर गवत किंवा देशी कवेलू, म्हणजे कौलं. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचं, कवेलू फेरायचे, लेप पुन्हा द्यायचा. यातली जवळजवळ कुठलीच वस्तू विकत यायची नाही. लाकूड, बांबू, गवत रानातलं, माती परसातली, हात गावाचे. कुणाचं घर उभं राहायचं असेल तर गाव एकत्र यायचं, घरमालक जेवण घालायचा. त्या घराची किंमत रुपयांत कुणी विचारली असती तर उत्तरच मिळालं नसतं.

रानातून आपल्या गरजेपुरतं घेण्याच्या या हक्काला इथे ‘निस्तार’ म्हणतात. जुन्या चांदा जिल्ह्याचा हा भाग जमीनदाऱ्यांचा होता, अहेरीची त्यात सगळ्यांत मोठी. तेव्हाचा मध्य प्रांत, म्हणजे पुढचं मध्य प्रदेश राज्य. तिथे १९५१ मध्ये जमीनदारी संपली आणि जमीनदारीतली जंगलं सरकारकडे आली. निस्तार कागदावर टिकला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रकाची तरतूद आहे. पण जंगल वनखात्याचं झालं की रोजचा व्यवहार बदलतो. घराला लागणारी बल्ली आता परवानगीने, डेपोतून, ठरलेल्या दराने. १९६८ मध्ये इथला बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिला गेला. ज्या बांबूचा कुड व्हायचा त्याच बांबूचे ट्रक बल्लारपूरकडे जाऊ लागले आणि गावकऱ्याने चार बांबू तोडले तर त्याला वनखात्याच्या नाकेदाराची भीती. घर महाग होण्याची सुरुवात मला इथे दिसते, सिमेंटच्या पोत्यात नाही. फुकटची वस्तू परवानगीची झाली, की ती परवडण्या-न परवडण्याच्या हिशेबात येतेच.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तालुक्याच्या गावाला जिल्ह्याचं मुख्यालय केलं. कार्यालयं, शाळा, पोलीस, बँका आल्या आणि त्यांच्यामागे भाड्याने खोली शोधणारी माणसं. त्याच काळात नक्षलवादी चळवळीचं आणि हिंसेचं सावट वाढत गेलं, ज्यांना जमलं ती कुटुंबं आतल्या गावांतून मोठ्या गावांकडे सरकली. मागणी वाढली, पण विकता येईल अशी जमीन फारशी नव्हती. सुमारे तीन चतुर्थांश जिल्हा जंगलाच्या नोंदीत. उरलेल्यातली आदिवासींची जमीन महसूल संहितेतल्या १९७४ च्या दुरुस्तीपासून सरकारी मंजुरीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. हे संरक्षण हवंच होतं, ते नसतं तर आज कित्येक कुटुंबांकडे सातबाराही उरला नसता. पण त्याचा एक परिणाम मान्य करायला हवा: व्यवहाराला मोकळे असलेले थोडे तुकडे, त्यांच्यावर सगळ्यांची नजर, आणि प्लॉटचा भाव गावाच्या कमाईशी न जुळणारा. सुरजागडची लोहखाण २०२१ पासून जोमाने सुरू झाली, कोनसरीला कारखाना उभा राहिला. बाहेरून कामाला आलेल्या माणसालाही डोक्यावर छप्पर लागतंच, आणि पगारदाराशी भाड्याची चढाओढ मजूर कुटुंबाला झेपत नाही.

आता अनुदानाकडे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली, १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. सपाट भागात घरामागे केंद्राची मदत २००८ मध्ये २५ हजारांवरून ३५ हजार, २०१० मध्ये ४५ हजार, २०१३ मध्ये ७० हजार. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, मदत १ लाख २० हजार झाली. डोंगराळ, दुर्गम आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांना १ लाख ३० हजार, म्हणजे गडचिरोलीला १० हजार जास्त. रोजगार हमीची ९५ दिवसांपर्यंतची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे.

या १० हजारांवर जरा थांबू या. दुर्गमतेची किंमत सरकारने एवढी धरली आहे. सिमेंटचे कारखाने शेजारच्या चंद्रपुरात, गडचांदूरला, म्हणजे माल लांबून येतो असंही नाही. पण गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वे स्टेशन एकच, वडसा. जिल्हा मुख्यालयापासून भामरागड दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटत आला आहे. तालुक्याच्या दुकानापर्यंत पोतं ट्रकने येतं. तिथून आतल्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, न्यायला ट्रॅक्टर सांगावा लागतो, नाला लागला तर त्याची ट्रिप दुप्पट होते. गिट्टी, सळाख, विटा सगळ्यांचं हेच. योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. १ लाख ३० हजारांना २६९ ने भागलं तर फुटाला ४८३ रुपये येतात. पक्क्या भिंतींचं, स्लॅबचं घर या दरात बांधायला मिस्त्री तयार होत नाही. मग स्लॅबऐवजी टिना, म्हणजे पत्रे, टाकतात, प्लास्टर राहतं, फरशी राहते, किंवा कर्ज होतं. मे महिन्यात टिनाच्या त्या खोलीत दुपारी बसून बघा आणि मग शेजारच्या मातीच्या घरात शिरा, फरक अंगाला कळतो. लोक नव्या घरात धानाची पोती ठेवतात आणि जुन्या घरात झोपतात, त्यात अडाणीपणा काही नाही.

२०१६ पर्यंत दर दोन-तीन वर्षांनी रक्कम वाढत गेली, पण केंद्राने २०२४ मध्ये योजनेचा पुढचा टप्पा मंजूर केला तेव्हा २०१६ चीच रक्कम कायम ठेवली. आठ वर्षांत लोखंड आणि वाहतूक तिथे थांबली नव्हती. २०२५ मध्ये राज्याने आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या पीएम-जनमन योजनेत माडिया कुटुंबांना घरासाठी २ लाख मिळू लागले, कारण माडिया गोंड ही विशेष असुरक्षित जमातींपैकी आहे. हे स्वागतार्हच. फक्त एकाच गावात, एकाच नाल्यापलीकडे राहणाऱ्या माडिया आणि बिगर माडिया अशा दोन्ही घरांना सिमेंट एकाच भावाने पडतं, हेही लक्षात असू द्यावं.

जागेचा प्रश्न अजून जुना आहे. गावठाण तेवढंच राहिलं, कुटुंबं वाढली, एका घराची तीन झाली. गावठाणाला लागून जंगल, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्यातली गुंठाभर जमीन घरासाठी द्यायची तरी केंद्राची परवानगी. २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात राहत्या जागेचा आणि कसत्या जमिनीचा हक्क मिळाला, आणि २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक. शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा कामांसाठी गावाला वनजमीन मिळण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. त्या तेरांत नवं घर नव्हतं. वेगळ्या झालेल्या मुलाने झोपडी कुठे घालायची, याचं उत्तर कायद्यात नव्हतं, म्हणून ती अतिक्रमण ठरायची. २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यपालांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अनुसूचित, म्हणजे आदिवासी क्षेत्रापुरती दुरुस्ती केली आणि वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत इथल्या घरासाठी घेतलेला हा सगळ्यांत नेमका निर्णय. अनुदानाचे आकडे गाजतात, याच्याबद्दल जिल्ह्याबाहेर फारसं कुणी बोललं नाही.

उरतो हंगाम. धानाची कापणी-मळणी आटोपेपर्यंत डिसेंबर उजाडतो. मार्च-एप्रिल मोहाचे, मे तेंदूपानाचा, तेव्हा घरातला धडधाकट माणूस पहाटेच रानात असतो. ७ जूनला मृग. बांधकामाला खरे मोकळे महिने दोन-तीनच. पहिला हप्ता १५ हजारांचा, पुढचे हप्ते जोत्याचा, मग भिंतीचा फोटो मोबाइलवरून जागेच्या खुणेसह चढला की. टोल्यावर नेटवर्क नसेल तर अभियंता येईपर्यंत जोतं तसंच. घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत आहे, पण ती नदीतून घरापर्यंत आणायचं भाडं घरमालकाचं. फेब्रुवारीचा हप्ता मेअखेर पडला तर जोत्यावर गवत उगवतं आणि कुटुंब आणखी एक पावसाळा कुडाच्या घरात काढतं, कवेलू फेरून.