जुन्या राउटरवर नवं फर्मवेअर: फाइल उतरवण्याआधी राउटर उलटा करा

ओपनडब्ल्यूआरटी आणि डीडी-डब्ल्यूआरटी ही कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे राउटर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, बसवता येणारी मोफत फर्मवेअर. त्यापलीकडे इथे समजावत नाही. ते माहीत असलेल्यांसाठीच हे पत्रक आहे. आमच्याकडे दुरुस्तीला ‘ब्रिक झाला’, म्हणजे विटेसारखा निकामी झाला, म्हणून येणाऱ्या राउटरांची कथा बहुतेक वेळा सारखीच असते. ग्राहकाने पुढच्या बाजूचं मॉडेल नाव वाचून फाइल शोधलेली असते आणि मागचं लेबल पाहिलेलंच नसतं.

मॉडेल नावापेक्षा महत्त्वाची असते हार्डवेअर आवृत्ती. लेबलावर ‘व्हर्जन’ किंवा ‘व्ही’ असं लिहून पुढे आकडा असतो. कंपन्या नाव आणि डबा तोच ठेवून आतली चिप बदलतात. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन घ्या. व्ही८ मध्ये एआर९३४१ चिप आहे, व्ही९ मध्ये क्यूसीए९५३३. व्ही१३ तर मीडियाटेकच्या एमटी७६२८ वर गेला, त्यात ८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालताना लागणारी मेमरी) आहे. पुढच्या व्ही१४ ला चिप तीच, पण मेमरी पुन्हा ४ आणि ३२ वर आली. म्हणजे मोठा आकडा पाहून ‘नवा आहे, चांगला असेल’ असं धरून चालता येत नाही. ही खोड जुनीच आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीच्या व्ही४ मध्ये लिनक्स, ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती. व्ही५ मध्ये लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी प्रणाली आली आणि मेमरी निम्मी झाली.

आवृत्ती चुकली तर कंपनीचं मूळ फर्मवेअर बहुधा फाइल नाकारतं. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. गडबड होते ती पुढे. ‘ही नको म्हणतोय, दुसरी टाकून पाहू’ म्हणत एकामागून एक फाइली चढवल्या जातात, किंवा ‘फोर्स’चा पर्याय वापरून तपासणीच टाळली जाते. असं करताना बूटलोडर (राउटर सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम) पुसला गेला तर टीएफटीपीने, म्हणजे केबलवरून संगणकातली फाइल थेट राउटरला देऊन, परत यायची वाटही बंद होते. अथेरॉस चिपच्या राउटरमध्ये फ्लॅशच्या अगदी शेवटी ६४ केबीचा ‘एआरटी’ नावाचा भाग असतो. त्या एका नगाच्या रेडिओचं कारखान्यात झालेलं कॅलिब्रेशन त्यात साठवलेलं असतं. तो गेला तर राउटर सुरू होतो, पण वायफाय लागत नाही. दुसऱ्या नगातून तो भाग उचलून टाकला तरी रेडिओ पूर्वीसारखा चालत नाही. म्हणून पहिली फाइल नाकारली गेली की थांबा आणि लेबलाचा स्पष्ट फोटो आम्हाला पाठवा. कोणती फाइल लागेल किंवा या राउटरवर काहीच चढवू नये, एवढं आम्ही पैसे न घेता सांगतो.

आवृत्ती जुळली की दोन प्रकारच्या फाइली दिसतील. ‘फॅक्टरी’ फाइल कंपनीच्या मूळ फर्मवेअरच्या अपडेट पानावरून चढवायची. ‘सिसअपग्रेड’ ही ओपनडब्ल्यूआरटी आधीच असेल तर. उतरवलेल्या फाइलचा एसएचए२५६ (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) डाउनलोड पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल तिथेच पकडली जाते. मूळ फर्मवेअरवर परत जाण्याच्या उलट्या प्रवासातही एक खड्डा आहे: टीपी-लिंकच्या मूळ फाइलच्या नावात ‘बूट’ असेल तर तिच्या सुरुवातीला बूटलोडर जोडलेला असतो. तो भाग न काढता ती ओपनडब्ल्यूआरटीतून चढवू नका.

चढवण्याचं काम फक्त लॅन केबलने करा, वायफायवरून कधीच नाही. इंटरनेटची केबल काढून ठेवा. ओपनडब्ल्यूआरटीचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि तुमच्या मोडेमचाही तोच असेल तर दोघांची टक्कर होते. संगणकाला १९२.१६८.१.२ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क हाताने द्या. जुन्या सेटिंग जपण्याच्या खुणेवर टिक असेल तर ती काढा. एका फर्मवेअरच्या सेटिंग दुसऱ्याला कळत नाहीत. मग फाइल द्या आणि वाट पाहा. पहिल्यांदा सुरू होताना साठवणीची जागा नव्याने तयार होते, त्याला काही मिनिटं लागतात. दिवा लुकलुकत असताना प्लग काढणं हे राउटर मारण्याचं दुसरं हमखास कारण आहे.

एवढं होऊनही ‘वायफायच दिसत नाही’ म्हणून फोन येतात. ओपनडब्ल्यूआरटीत सुरुवातीला वायफाय बंदच असतं, राउटर मेलेला नसतो. केबल लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. नाव ‘रूट’, पासवर्ड रिकामा. आधी पासवर्ड ठेवा, मग वायफाय सुरू करा आणि देश योग्य निवडा, कारण चॅनेल आणि ताकद त्यावर ठरतात.

टीएफटीपीने राउटर परत आणताना फाइलचं नाव अक्षरन्अक्षर जुळावं लागतं. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे ‘.बिन’च्या पुढे नकळत दुसरं ‘.बिन’ चिकटतं आणि राउटरला फाइल सापडत नाही. फायरवॉल काही वेळ बंद ठेवा. राउटर बंद-चालू करताना संगणकाचा पोर्टही तुटतो आणि नेमकी ती एक-दोन सेकंदांची संधी हुकते. म्हणून मध्ये एखादा साधा स्विच लावा, म्हणजे संगणकाची बाजू जोडलेली राहते. टीपी-लिंकच्या अनेक जुन्या मॉडेलांना संगणकाचा पत्ता १९२.१६८.०.६६ लागतो, इतर कंपन्यांचा वेगळा. सिरियल जोडणीपर्यंत, म्हणजे राउटर उघडून आतल्या बोर्डाला थेट तारा जोडण्यापर्यंत, वेळ आली तर ३.३ व्होल्टचाच अडॅप्टर वापरा. ग्राउंड, आरएक्स (माहिती घेणारी) आणि टीएक्स (माहिती पाठवणारी) या तीनच तारा जोडा. पुरवठ्याची चौथी तार मोकळी ठेवा, आणि ५ व्होल्टचा अडॅप्टर तर नकोच, त्याने चिप जळू शकते.

आमच्याकडे काम दिल्यावर एक दिवस का लागतो, असं विचारलं जातं. फाइल चढवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, हे खरं आहे. त्याआधी आम्ही फ्लॅशची पूर्ण प्रत काढतो, एआरटीसकट, आणि ती तुम्हालाही देतो. नंतर राउटर रात्रभर डेटाच्या वाहतुकीखाली चालवतो. जुन्या राउटरमध्ये फुगलेला कपॅसिटर आणि थकलेला अडॅप्टर यांचा त्रास फर्मवेअरच्या माथी मारला जातो. तो असा चालवल्यावरच उघडा पडतो.

काही कामं आम्ही नाकारतो. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांना ओपनडब्ल्यूआरटीने १९.०७ मालिकेनंतर अधिकृत फाइली देणं थांबवलं. त्यावर जुनी आवृत्ती बसते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, म्हणजे मुळात ज्यासाठी बदल करायचा तेच साधत नाही. असा राउटर घरातल्या आतल्या स्विचसारखा वापरा. ब्रॉडकॉम चिप असेल तर ओपनडब्ल्यूआरटीवर वायफाय बहुधा निराशा करतं, तिथे आम्ही डीडी-डब्ल्यूआरटी सुचवतो. वेगासाठी येणाऱ्यांना आधीच सांगतो: १०० एमबीपीएसचे पोर्ट गिगाबिट होत नाहीत. मूळ फर्मवेअरमधली हार्डवेअर एनएटीची सोय (घरातली इंटरनेट वाहतूक प्रोसेसरऐवजी चिपमधल्या खास भागाने हाताळणं) अनेक चिपवर हरवते, त्यामुळे वेगवान जोडणीवर वेग घटूही शकतो. बदल्यात मिळतात त्या ताज्या दुरुस्त्या, पाहुण्यांसाठी वेगळं जाळं, जाहिराती अडवणं आणि एकाच वेळी अनेकांनी वापरताना अडखळणारी जोडणी सावरणारं एसक्यूएम. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा आर्चर सी७ व्ही२ सारखा राउटर कपाटात पडला असेल, तर टाकून देण्याआधी आम्हाला दाखवा.

दुरुस्तीला आणताना राउटरसोबत त्याचाच अडॅप्टर आणा. व्होल्टचा आकडा सारखा असला तरी दुसरा चालतोच असं नाही. काहींची अँपिअर क्षमता कमी पडते आणि फ्लॅश लिहितानाच राउटर बसतो. आधी कोणती फाइल चढवली होती, तिचं पूर्ण नाव कागदावर लिहून राउटरला चिकटवा.