दम्याच्या केसपेपरवरचा पत्ता

२०१० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात, लहान मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या कानावर एकाच प्रकारची गाऱ्हाणी येऊ लागली. घरात उकाडा असह्य झालाय, पण घरमालक म्हणतो, खिडकीत एसी बसवलात तर घर खाली करा. दुरुस्तीचं तर नावच नाही.

या रुग्णालयाने २००८ पासून लीगल एड सोसायटी या गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेच्या वकिलांना सोबत घेतलं होतं. डॉक्टर औषध लिहून देतात, आणि दुखणं घरात आहे असं दिसलं तर कुटुंबाला वकिलांकडे पाठवतात. वकिलांनी त्या उन्हाळ्यातली १६ प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा सगळं एका मालकापाशी येऊन थांबलं. त्याची शहरात १९ गृहसंकुलं होती आणि ही मुलं त्यातल्या १४ घरांत राहत होती. वकील भाडेकरूंच्या पाठीशी उभे राहिले. १४ पैकी १० घरं दुरुस्त झाली, आणि ११ संकुलांत सगळ्यांच रहिवाशांसाठी सुधारणा झाल्या. ज्यांची मुलं कधी दवाखान्यात आलीच नव्हती, त्यांनाही फायदा झाला. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. कुठल्या गल्लीतून आजार येतोय, हे रुग्णालयाइतकं लवकर दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

यातल्या काही मुलांना दमा होता. घराचा आणि दम्याचा संबंध नेमका काय? झुरळांच्या विष्ठेत आणि लाळेत काही प्रथिनं असतात. ती धुळीत मिसळतात, श्वासावाटे आत जातात आणि ॲलर्जी असलेल्या मुलाच्या श्वासनलिका सुजतात. ओल असेल तर बुरशीची भर पडते. अमेरिकेतल्या आठ शहरांच्या गरीब वस्त्यांमध्ये झालेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळांचा अंशही जास्त होता, ती इतर दमेकरी मुलांच्या ३.४ पट वेळा रुग्णालयात भरती झाली होती. पंपाने श्वासनलिका मोकळी होते, पण मूल पुन्हा त्याच खोलीत जाऊन झोपतं.

अमेरिकेतल्याच कोलंबस शहरातलं नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटल याच्याही पुढे गेलं. त्याच्या शेजारच्या दक्षिण भागात चारातलं एक घर ओस पडलं होतं. २००८ पासून रुग्णालयाने एका स्थानिक संस्थेला हाताशी धरून पडकी घरं नव्याने बांधली, काही दुरुस्त केली, तिथे आधीपासून राहणाऱ्यांना डागडुजीसाठी अनुदान दिलं. दशकभरात ओस घरांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. एक धोका मात्र इथे कायम असतो. वस्ती सुधारली की भाडी चढतात, आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांनाच बाहेर पडावं लागतं. म्हणून परवडणाऱ्या भाड्याची घरं राखून ठेवणं हे बांधकामाइतकंच महत्त्वाचं आहे.

ज्यांना घरच नाही, त्यांचं काय? शिकागोत दीर्घ आजार असलेल्या सुमारे ४०० बेघर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला रुग्णालयातून सुटल्यावर घर आणि पाठपुरावा करणारा कार्यकर्ता मिळाला, दुसऱ्याला नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निकाल आला. दीड वर्षात पहिल्या गटाचे भरती राहण्याचे दिवस २९ टक्क्यांनी आणि तातडीच्या विभागातल्या फेऱ्या २४ टक्क्यांनी कमी भरल्या.

यामागे करांचाही हिशेब आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. अमेरिकेत खाटांचं असं बंधन नाही. तिथे करमाफी घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयाने समाजाला काय दिलं ते दाखवायचं असतं, आणि २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्याच्या गरजा तपासायच्या असतात. अशा पाहण्यांत घरांचा प्रश्न वारंवार वर येतो. तरीही कर खात्याच्या फॉर्ममध्ये घरांवरचा खर्च बराच काळ मुख्य समाजसेवेच्या आकड्यात धरला जात नव्हता, वेगळ्या रकान्यात जात होता. आता आरोग्याशी संबंध दाखवता आला तर तो मुख्य आकड्यात घेता येतो. सिनसिनाटीच्या त्या १४ घरांच्या बाबतीत तो संबंध सिद्ध करायला केसपेपर पुरेसे होते. ते शेजारी ठेवून वाचणारं कुणीतरी प्रत्येक बालरोग विभागात नेमायला हवं.