गुरुवारी लिनक्स कुठे जातं?

गुरुवारी संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकांचा फोन आला. "अरे, तुझं ते लिनक्स गेलं बघ. परत जुनं विंडोजच उघडलंय. आणि बँकेची साइट म्हणतेय, हे कनेक्शन सुरक्षित नाही." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी संगणकाची कार्यप्रणाली; ती मीच त्यांना टाकून दिली होती. आधीच्या गुरुवारीही नेमकं हेच झालं होतं. तेव्हा मी बायोसमध्ये, म्हणजे बटण दाबताच सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन कुठल्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं तो क्रम नीट लावून दिला, चुकून कुणाचा तरी हात लागला असेल असं समजलो आणि घरी आलो. दोन गुरुवार सलग तोच प्रकार झाल्यावर मात्र तो योगायोग वाटेना.

काकांचा डेस्कटॉप २०१२ सालचा. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. यंत्र तर धडधाकट होतं. ते भंगारात जाणं मला बघवेना. म्हणून मी त्यात २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क, बसवली आणि तिच्यावर लिनक्स टाकलं. जुन्या डिस्कला हात लावला नाही, कारण काकांचे पंधरा वर्षांचे हिशेब तिच्यावर होते.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला तयार संच, घ्यायची? शेकडो नावं समोर येतात आणि माणूस दारातूनच परत फिरतो. खरं तर या सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट असते, ती म्हणजे लिनक्स कर्नल. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांची वाटणी करणारा हा गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची पहिली वाच्यता केली. त्याच वर्षी इकडे पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम ८००० हा महासंगणक उभा राहिला होता. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत ६३ वा आला, तेव्हा त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालत होते. काकांच्या टेबलाखालच्या डब्यात तोच गाभा आहे, हे त्यांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत जरा ताठ बसले.

डाळ तुरीचीच असते, पण घरोघरची आमटी वेगळी लागते. डिस्ट्रोचंही तसंच. कर्नलभोवती कुठले प्रोग्रॅम जमवले, ते किती जुने किंवा ताजे ठेवले, डेस्कटॉप कोणता दिला आणि अपडेट कधी पाठवायचे ठरवलं, एवढाच काय तो फरक. घराणी पाहिली तर गोंधळ बराच कमी होतो. डेबियन १९९३ चं. त्याच्यावर २००४ मध्ये उबंटू उभं राहिलं, आणि उबंटूवर २००६ मध्ये मिंट. म्हणून उबंटूवरचा उपाय बहुतेक वेळा मिंटवर चालतो, पण फेडोरावर जसाच्या तसा चालत नाही. फेडोराचं घराणं रेड हॅट कंपनीचं, त्याची पॅकेजं (बसवायला तयार प्रोग्रॅमचे गठ्ठे) वेगळी, ती बसवण्याची आज्ञाही वेगळी. अडल्यावर कुणाचा सल्ला घ्यायचा हे यावरून ठरतं, त्यामुळे आपल्या डिस्ट्रोचं घराणं माहीत असलेलं बरं.

माझ्या मते निवडीतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बदलाचा वेग. उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळतात. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवं येतं आणि एकेक आवृत्ती तेरा महिन्यांच्या आसपास सांभाळली जाते. आर्च या डिस्ट्रोमध्ये आवृत्ती ही भानगडच नाही, नवीन ते रोज वाहत येतं. ज्याला फक्त पेपर वाचायचा, पेन्शनचं स्टेटमेंट बघायचं आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचं, त्याच्या घरात रोजचा बदल कशाला? काकांसाठी मी मिंट २२ ची एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती घेतली. ती उबंटू २४.०४ वर बेतलेली असल्यामुळे २०२९ पर्यंत निर्धास्त. याउलट कुणी याच वर्षी बाजारात आलेला लॅपटॉप घेतला असेल, तर त्याला मी फेडोरा सुचवेन. नव्या वाय-फाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे त्या चिप चालवणारे प्रोग्रॅम, नव्या कर्नलमध्ये असतात. जुन्या कर्नलने ते चिप पाहिलेलेच नसतात.

हलका डेस्कटॉप घेतला की जुनं यंत्र पळायला लागेल, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. एक्सएफसीई हा नोम किंवा केडीई या डेस्कटॉपांपेक्षा कमी मेमरी घेतो हे बरोबर, पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की ती बचत तिथेच संपते. ४ जीबीच्या यंत्रात खरा फरक डिस्कने पडतो. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारं टोक योग्य वर्तुळावर सरकावं लागतं, आणि मग हवा तो भाग त्याच्याखाली फिरून येईपर्यंत थांबावं लागतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला निव्वळ या थांबण्यात सरासरी चार मिलिसेकंद लागतात. सरकणं धरलं तर एका वाचनाला दहा-बारा. एसएसडीत हलणारं काहीच नसल्यामुळे तेच काम साधारण एक दशांश मिलिसेकंदात होतं. संगणक सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून वाचल्या जातात. प्रत्येकीवर ही शंभरपट बचत होते. काकांचं मशीन पूर्वी सुरू व्हायला लागे तेवढ्यात त्यांचा चहा होऊन जायचा. आता गॅस पेटवून परत येईपर्यंत पडदा तयार असतो.

निवड पक्की करण्याआधी मी एक गोष्ट नेहमी करतो आणि इतरांनाही करायला लावतो: पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघणं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डिस्कवरचं काहीही न पुसता पूर्ण यंत्रणा पेनड्राइव्ह आणि मेमरीवर चालते. वाय-फाय दिसतं का, आवाज येतो का, पडदा नीट भरतो का, हे अर्ध्या तासात कळतं. काकांच्या यंत्रात वाय-फाय दिसलं नाही. कारण साधं होतं. वाय-फायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि सुरू होताना त्याला फर्मवेअर नावाची फाइल भरवावी लागते. ती फाइल चिप बनवणाऱ्याच्या मालकीची असल्यामुळे काही डिस्ट्रो ती सोबत देत नसत. डेबियनने तर २०२३ मध्ये, १२ व्या आवृत्तीपासून, असं फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायला सुरुवात केली. पण फर्मवेअर उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला वाय-फाय, हा पेच सोडवायचा कसा? अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं, म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला मिळतं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासूनच असतो. दोन मिनिटांत काम झालं.

संगणक अडला की लोक सरळ सगळं पुसून नव्याने टाकतात. मला ते मनापासून पटत नाही. त्याने बिघाड कधीकधी जातो, पण तो कशामुळे होता हे कधीच कळत नाही. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणक एकेक पायरी चढतो: आधी बायोस, मग ग्रब हा बूटलोडर (कर्नल शोधून सुरू करणारा प्रोग्रॅम), मग कर्नल, मग पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा, मग लॉगिन आणि शेवटी डेस्कटॉप. तो कुठल्या पायरीवर थांबला ते आधी बघायचं. बोर्डाच्या लोगोवरच अडला असेल तर लिनक्स अजून सुरूच झालेलं नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ग्रबचा काळा प्रॉम्प्ट दिसला तर बूटलोडर सापडला आहे, पण पुढचा कर्नल सापडत नाही. अक्षरं भराभर पळून पडदा काळाच राहिला तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. अशा वेळी ग्रबमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द जोडून सुरू केलं की निदान आत शिरता येतं. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हापुन्हा लॉगिनचा पडदा आला तर मी आधी डिस्क भरली आहे का ते बघतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबलं की अक्षरांचा साधा पडदा उघडतो आणि तिथून हे तपासता येतं.

'इनिटरॅमएफएस' (मुख्य डिस्क उघडण्याआधी चालणारी छोटी तात्पुरती यंत्रणा) असं लिहिलेला प्रॉम्प्ट आला की भल्याभल्यांचा धीर सुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात अचानक वीज जाते, त्यामुळे तो बऱ्याच घरांत दिसतो. एक्सटी-४ ही फाइल यंत्रणा डिस्कच्या रचनेत बदल करण्याआधी तो बदल एका रोजनाम्यात टिपून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी रोजनामा वाचून काम पुरं करते किंवा सोडून देते. त्यामुळे रचना सहसा वाचते, पण शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेला मजकूर जाऊ शकतो. रोजनाम्यानेही निभावलं नाही तर संगणक पुढे जायला नकार देतो आणि एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, चालवा म्हणतो. ते शांतपणे चालवायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. अपडेट चालू असताना वीज गेली असेल, तर अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करण्याची डीपीकेजीची (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमची) आज्ञा द्यायची, आणि तोवर दुसरं काही बसवायचं नाही.

आता काकांचा गुरुवार. मला धागा सापडला तो घड्याळाच्या चुकीत. विंडोज कोपऱ्यात २०१२ चा जानेवारी दाखवत होतं. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की घड्याळ चुकतं हे मला माहीत होतं, पण ती चूक ठरलेली असते. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं, म्हणून भारतात विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. इथे चूक कित्येक वर्षांची होती. म्हणजे घड्याळ चुकीचं वाचलं जात नव्हतं, ते बंदच पडलं होतं. बँकेच्या साइटचं कोडंही यातच सुटलं. साइटच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून वैध आहे ती तारीख असते. २०१२ मध्ये बसलेल्या ब्राउझरला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नव्हतं.

"काका, आज वीज गेली होती का?"

"दर गुरुवारी जाते की. दुरुस्तीसाठी. आज तर दहा ते पाच नव्हती."

मदरबोर्डवर रुपयापेक्षा जरा लहान, चपटा सेल असतो. नाव सीआर २०३२: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, तीन व्होल्ट. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या एका स्फटिकावर बोर्डाचं घड्याळ चालतं. दोनाने पंधरा वेळा भागलं की या आकड्याचा बरोबर एक उरतो, म्हणजे एक सेकंद. संगणक बंद असताना हे घड्याळ आणि जुन्या बोर्डांमध्ये बायोसच्या सेटिंग्ज या सेलवर जगतात. पण भिंतीवरचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय बोर्डाला थोडी वीज देतच राहतो आणि सेलची गरज पडत नाही. काका भिंतीवरचं बटण कधी बंद करत नाहीत. त्यामुळे सेल मेला आहे हे आठवडाभर लपून राहायचं आणि गुरुवारी उघडं पडायचं. बायोस एसएसडी आधी की डिस्क आधी हे विसरायचा, पहिल्या क्रमांकाच्या जुन्या डिस्ककडे जायचा आणि विंडोज उघडायचा. लिनक्स कुठेच गेलेलं नसायचं. त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

बायोसमध्ये क्रम परत लावून लिनक्स उघडलं तेव्हा एक गोष्ट पाहायला मिळाली. तिथे घड्याळ २०१२ चं नव्हतं, आदल्या रात्री साडेनऊचं होतं, म्हणजे काकांनी संगणक बंद केला त्या वेळेचं. लिनक्सची वेळ सांभाळणारी सेवा शेवटची वेळ एका फाइलच्या तारखेत जपून ठेवते आणि घड्याळाला त्याच्या मागे जाऊ देत नाही. इंटरनेट जोडल्यावर काही सेकंदांत खरी वेळ आली.

सेल काढून मीटर लावला तर २.३ व्होल्ट. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून नवा आणला, बसवला, क्रम आणि तारीख पुन्हा लावली. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: सेल बदलल्याची तारीख, डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, डिस्कचा क्रम.

मधल्या आठवड्यात काकांना मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, हे त्यांना लगेच आवडलं. पण त्यांच्या जुन्या पत्रांच्या फायली उघडल्या तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. ही फायलींची चूक नाही आणि लिनक्सचीही नाही. ती पत्रं युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या पद्धतीने, खास फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. त्या फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. म्हणून प्रत्येक फाइल कुठल्या फाँटची ते ओळखून रूपांतर करावं लागतं. सध्या आम्ही रोज दोन-तीन पत्रं करतो.

पुढच्या गुरुवारी वीज साडेदहाला गेली आणि सव्वापाचला आली. साडेपाचला मी खाली गेलो. काका मिंटवर बसले होते, घड्याळ बरोबर होतं, आणि १९९८ मधल्या एका पत्रातला 'क्ष' नीट उमटत नव्हता म्हणून ते माझी वाट बघत होते.