'ऑब्स्टिनेट' सोपा, 'स्टबर्न' अवघड

माद्रिद किंवा बोगोतामध्ये इंग्रजीच्या वरच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यासमोर दोन शब्द ठेवा: 'ऑब्स्टिनेट' आणि 'स्टबर्न'. दोन्हींचा अर्थ हट्टी. आपल्याकडे 'स्टबर्न' आधी कानावर पडतो, 'ऑब्स्टिनेट' स्पर्धा परीक्षेच्या शब्दसंग्रहात भेटतो. स्पॅनिश बोलणाऱ्याचं नेमकं उलटं असतं. 'ऑब्स्टिनेट' त्याला न शिकवता कळतो, कारण घरी 'ओब्स्तिनादो' आहेच. 'स्टबर्न'ला मात्र धरायला त्याला काहीच सापडत नाही. त्याच्या रोजच्या बोलण्यातला हट्टी माणूस 'तेर्को' नाहीतर 'तेस्तारुदो'. त्यामुळे माणसाचा स्वभाव सांगणाऱ्या 'प्रगत' इंग्रजी शब्दांच्या ज्या याद्या त्याला पाठ करायला देतात, त्यांतले बरेचसे शब्द त्याला आधीच येत असतात. जिथे तो अडतो ते शब्द यादीबाहेर राहतात.

याचं कारण १०६६ सालात सापडतं. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची जवळपास तीनशे वर्षं दरबार, न्यायालय आणि चर्च यांचा कारभार फ्रेंच व लॅटिनमधून चालला. शेतात, बाजारात आणि स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी टिकून राहिली. परिणामी इंग्रजीचा शब्दसंग्रह दुमजली झाला. तळमजल्यावर जर्मानिक कुळातले आखूड, रोजचे शब्द. वरच्या मजल्यावर लॅटिन-फ्रेंचमधून आलेले लांब, भारदस्त शब्द. मराठी वाचकाला हे घर परकं वाटू नये. आपल्याकडेही 'कृपण' वर राहतो आणि 'चिक्कू' खाली, 'मितभाषी' वर आणि 'घुमा' खाली. स्पॅनिश ही लॅटिनची लेक. इंग्रजीचा वरचा मजला तिला माहेरासारखा. खाली उतरायचा जिना तेवढा सापडत नाही.

मग होतं असं, की हा विद्यार्थी शेजाऱ्याचं वर्णन करताना 'लोक्वेशस' आणि 'ॲव्हरिशस' म्हणतो. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर. पण ऐकणाऱ्याला वाटतं ते असं: चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणावं, 'आमचे शेजारी अत्यंत वाचाळ व कृपण आहेत.' तिथे हवे असतात 'टॉकेटिव्ह' किंवा 'चॅटी', आणि 'स्टिंजी' किंवा 'टाइट-फिस्टेड'. 'जनरस', 'ॲम्बिशस', 'ॲरोगंट' हे लॅटिन वंशाचे शब्द मात्र दोन्ही मजल्यांवर हिंडतात, ते बिनधास्त वापरावेत.

सारखे दिसणारे शब्द मेंदूला खरोखरच सोपे जातात. २००० साली कोस्ता, कारामात्सा आणि सेबास्तियान-गाय्येस या संशोधकांनी कातालान आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा येणाऱ्यांना चित्रं दाखवून वस्तूंची नावं विचारली. ज्या वस्तूंची नावं दोन्ही भाषांत एकसारखी होती, ती लोकांनी अधिक झटकन सांगितली. दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात एक भाषा वापरताना दुसरी झोपलेली नसते. दोघी एकाच वेळी शब्द पुढे करतात. दोघींनी सारखाच शब्द पुढे केला की काम लवकर होतं. अडचण तेव्हा येते, जेव्हा शब्द सारखा असतो आणि अर्थ वेगळा. वेग तोच राहतो, दिशा चुकते, आणि चुकल्याची शंकाही येत नाही. मराठी माणूस हिंदीत 'चेष्टा' ऐकतो तेव्हा हेच होतं: तिकडे प्रयत्न चाललेला असतो आणि आपल्याला वाटतं थट्टा.

स्वभाववर्णनात असे दगाबाज शब्द फार दाटीने आहेत. 'सेन्सिब्ले' म्हणजे स्पॅनिशमध्ये हळवा. इंग्रजी 'सेन्सिबल' म्हणजे समंजस, सारासार विचार करणारा. हळव्यासाठी इंग्रजीत 'सेन्सिटिव्ह' हवा, आणि समंजसाला स्पॅनिशमध्ये 'सेन्सातो' म्हणतात. शिफारसपत्रात ही गफलत झाली तर वाचणाऱ्याला ती कधीच कळत नाही, कारण दोन्ही वाक्यं शहाणीसुरती दिसतात. 'एदुकादो' म्हणजे चांगलं वळण असलेला. 'एज्युकेटेड' म्हणजे शिकलेला. वळणाचं कौतुक करायचं असेल तर 'पोलाइट' किंवा 'वेल-मॅनर्ड'. 'ग्रासियोसो' माणूस विनोदी असतो, 'ग्रेशस' माणूस शालीन. 'खेनियाल' म्हणजे प्रतिभावान किंवा झकास. 'जीनियल' म्हणजे नुसता मनमिळाऊ.

'सिम्पातिको'ची गोष्ट जरा निराळी. ज्याच्या सहवासात बरं वाटतं असा लाघवी माणूस म्हणजे सिम्पातिको. 'सिम्पथेटिक' म्हणजे दुसऱ्याचं दुःख समजून घेणारा. 'नाइस' किंवा 'लाइकेबल' म्हणून वेळ निभावते, पण पुरता अर्थ उतरत नाही. हॅरी ट्रायंडिस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या गुणाला लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांमधली एक खास सामाजिक रीत म्हणून मांडलं: समोरच्याचा मान राखायचा, खटका टाळायचा, वातावरण हलकं ठेवायचं. एका भाषेत शब्द आहे आणि दुसरीत नाही, तिथे पर्यायी शब्द घोकून उपयोग होत नाही. 'ही इज ईझी टु बी अराउंड' असं सबंध वाक्यच शिकावं.

काही जोड्या मुळात एकाच आईची मुलं असतात. लॅटिन 'फास्तिदियुम' म्हणजे वीट, तिटकारा. स्पॅनिश 'फास्तिदियोसो' म्हणजे जो दुसऱ्याला वीट आणतो तो, तापदायक. इंग्रजी 'फॅस्टिडियस' म्हणजे ज्याला स्वतःलाच चटकन वीट येतो तो: स्वच्छतेबाबत, नेटकेपणाबाबत फार चोखंदळ. 'एग्रेगियुस' म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा. स्पॅनिशमध्ये 'एग्रेखिओ' अजूनही थोर, नामवंत असाच आहे. इंग्रजीत मात्र सोळाव्या शतकात लोकांनी तो उपरोधाने वापरायला सुरुवात केली आणि 'इग्रीजियस' हा शब्द घोर चुकांसाठी राखीव झाला. आपणही 'काय दिवे लावलेत' म्हणतोच. 'पेतुलान्ते' हा गर्विष्ठ, तर 'पेट्युलंट' हा लहान मुलासारखा फुरंगटणारा. 'कोम्प्लासिएन्ते' दुसऱ्याचं मन राखतो. 'कम्प्लेसंट' स्वतःवरच खूश होऊन बेसावध बसतो. सगळ्यांत निसरडी जोडी खुद्द इंग्रजीतली आहे: 'इन्जेन्युअस' म्हणजे भोळा, 'इन्जीनियस' म्हणजे कल्पक, हिकमती. स्पॅनिशमध्ये अनुक्रमे 'इन्खेनुओ' आणि 'इन्खेनियोसो'. बोलताना 'नाइव्ह' आणि 'क्लेव्हर' वापरून ही जोडी टाळलेलीच बरी.

आता एक अडचण, जी शब्दाची नाही, क्रियापदाची आहे. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा जाडजूड शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेगळे काढले. मग ते चार रकान्यांत वाटले. पहिल्यात ४,५०४ शब्द होते, कायमच्या स्वभावाचे. दुसऱ्यात ४,५४१, तात्पुरत्या मनःस्थितीचे. तिसऱ्यात ५,२२६, म्हणजे स्वभाव सांगण्यापेक्षा निवाडा देणारे. उरलेले ३,६८२ चौथ्यात. आज मानसशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या पाच मुख्य व्यक्तिमत्त्व-घटकांच्या चौकटीची मुळं या वर्गवारीपर्यंत पोचतात.

यातल्या पहिल्या दोन रकान्यांमधली भिंत स्पॅनिश भाषेने व्याकरणातच बांधून ठेवली आहे. 'असणे' याला तिच्यात दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस कायादो' म्हणजे तो अबोल आहे; 'एस्ता कायादो' म्हणजे तो आत्ता गप्प आहे. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे त्याला कंटाळा आलाय. इंग्रजीत दोन्हींना एकच 'इज'. म्हणून 'आय ॲम बोअरिंग' ही चूक वर्षानुवर्षं होत राहते: सांगायचं असतं मला कंटाळा आलाय, सांगितलं जातं मी कंटाळवाणा आहे. इथे फरक क्रियापदाऐवजी शेपटीवर असतो, 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग'.

वागण्याबाबत इंग्रजी आणखी एक युक्ती वापरते. 'ही इज रूड' म्हणजे तो उद्धटच आहे. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणे वागतोय, एरवी असा नाही. हे 'बीइंग' फक्त माणसाच्या हातात असलेल्या वागण्याला लागतं. 'बीइंग सिली', 'बीइंग जनरस' चालतं. 'बीइंग नर्व्हस' खटकतं, कारण घाबरणं कुणी ठरवून करत नाही. तिथे 'ही सीम्स नर्व्हस' किंवा 'ही इज नर्व्हस टुडे' म्हणावं.

तिसऱ्या रकान्यातल्या निवाड्याच्या शब्दांचं विष थोडंथोडं करून इतर शब्दांतही मिसळलेलं असतं. काटकसरी माणूस इंग्रजीत 'थ्रिफ्टी' असतो, तेव्हा ती स्तुती. 'फ्रूगल' साधारण तटस्थ. 'स्टिंजी' नापसंती, 'माइझर्ली' त्याहून कडवट. स्पॅनिशमधून 'ताकान्यो'चा अर्थ शोधायला गेलं तर द्विभाषी कोश यातले दोन-तीन शब्द स्वल्पविराम देऊन एका ओळीत मांडतो, आणि तिथेच घात होतो. विद्यार्थ्यांसाठी काढलेले एकभाषी कोश इथे कामाचे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्ही अशा कोशांत शब्दापुढे 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूण करतात. अर्थाआधी ती खूण वाचायची सवय लावली तर निम्म्या गफलती टळतील असं मला वाटतं.

तळमजल्यावरचे सगळ्यांत मजेदार शब्द म्हणजे अवयवांचे जोडशब्द. कृती ठरलेली आहे: विशेषण, मग अवयव किंवा मन-बुद्धीचा शब्द, शेवटी 'एड'. 'हॉट-हेडेड' तापट, 'लेव्हल-हेडेड' थंड डोक्याचा, 'ॲब्सेंट-माइंडेड' विसरभोळा, 'टू-फेस्ड' दुतोंडी, 'क्विक-विटेड' हजरजबाबी. स्पॅनिशला हा साचा अगदीच अनोळखी नाही. उधळ्या माणसाला तिथे 'मानिर्रोतो' म्हणतात, शब्दशः तुटक्या हाताचा. पण तिचा लाडका साचा वेगळा, क्रियापद आणि नाम: 'आग्वाफियेस्तास' म्हणजे समारंभात पाणी ओतणारा, 'कास्कार्राबियास' म्हणजे सदा करवादणारा. इंग्रजीत याचे भाऊबंद मोजके: 'स्पॉइलस्पोर्ट', 'किलजॉय', 'डेअरडेव्हिल'. नवे घडवायला जाऊ नये, लोक हसतात.

आणि अवयवावरून अर्थ ताडायलाही जाऊ नये. टीका मनाला लावून न घेणारा तो 'थिक-स्किन्ड', आणि हे बहुतेक वेळा चांगलं समजतात. मराठीत गेंड्याच्या कातडीचा म्हटलं की शिवी झाली. स्पॅनिश 'कारादुरा', म्हणजे कठीण चेहऱ्याचा, हाही निर्लज्जच. आपल्या 'हलक्या कानाचा' किंवा 'आतल्या गाठीचा' यांना तर इंग्रजी अवयवांमध्ये जागाच नाही.

वाक्यात शब्द बसवतानाही एक खोड आड येते. स्पॅनिशमध्ये विशेषण नाम होऊन एकटं उभं राहतं. 'उन एगोइस्ता' म्हणजे एक स्वार्थी माणूस. त्यावरून 'ही इज अ सेल्फिश' असं वाक्य होतं. इंग्रजीत पुढे 'पर्सन' हवंच, नाहीतर 'अ' काढून टाकायचा.

उच्चाराचं थोडक्यात. स्पॅनिश तोंडाला शब्दारंभीचा 'स' आणि व्यंजन एकत्र पेलत नाही, त्यामुळे 'एस्टबर्न', 'एस्टिंजी' ऐकू येतं. आपल्या 'इस्टेशन'चंच हे भावंड. प्रमाण स्पॅनिशमध्ये 'श' नाही, म्हणून 'शाय'चा 'चाय' होतो. 'ऑब्स्टिनेट', 'कन्सिडरेट', 'अफेक्शनेट' यांच्या शेवटी 'एट' म्हणणं चूक आहे, तिथे आखूड 'इट' येतो. ही चूक आपणही करतो, लिहिताना तर मीही वर केलीच आहे. शिवाय 'आरोगान्ते'मध्ये जोर 'गान्'वर, 'ॲरोगंट'मध्ये पहिल्या अक्षरावर.

शिकायचं कसं? 'स्वभावाचे वीस शब्द' अशी विषयवार यादी एका बैठकीत घेऊ नये. थॉमस टिंकम यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकताना लोकांना जास्त वेळ लागला. शब्द एकमेकांच्या वाटेत येतात. म्हणून 'स्टिंजी' आज घेतला तर 'माइझर्ली' पुढच्या आठवड्यात. दिवसाला सहा ते आठ शब्द पुरेत. प्रत्येकाचं एक कार्ड. एका बाजूला ज्या माणसाचं वर्णन करायचं त्याचं वागणं, स्पॅनिशमध्ये एका वाक्यात: बिल आलं की याचं पाकीट घरी राहिलेलं असतं. दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द, पसंती-नापसंतीची खूण आणि त्याच्यासोबत नेहमी येणारा जोडीदार. 'शाय'सोबत 'पेनफुली', 'लॉयल'सोबत 'फिअर्सली', 'ऑनेस्ट'सोबत 'ब्रूटली'. दगाबाज शब्द असेल तर लाल पेनाने त्याचा स्पॅनिश जुळा लिहून त्यावर काट मारावी. उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, मग पंधरवड्याने, आणि दर वेळी कार्ड उलटण्याआधी शब्द मोठ्याने बोलून. नुसतं वाचत गेलं तर शब्द ओळखू येतो, पण गरजेला जिभेवर येत नाही.

खुद्द 'कॅरॅक्टर' हा शब्दही याच टोळीतला. 'तिएने मुचो काराक्तेर' म्हणजे ती व्यक्ती खंबीर आहे किंवा तापट आहे. इंग्रजीत 'स्ट्राँग-विल्ड' म्हणावं लागेल. 'ही इज क्वाइट अ कॅरॅक्टर' म्हणजे तो एक वल्ली आहे. त्यासाठी स्पॅनिश माणूस 'एस तोदो उन पेर्सोनाखे' म्हणतो, आणि नाटकातल्या पात्रालाही 'पेर्सोनाखे'च.